मागं उभं राहणारं माणूस

ब्रेक दाबला तेव्हा गाडी थांबली, आणि ती थांबल्यावर एक श्वासभर उशिरा मागून तो धक्का आला. मोठा नव्हे. आरामखुर्चीत डोळा लागलेल्या माणसाच्या खांद्याला कुणी हलकेच बोट लावावं, एवढाच. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचं असंच असतं. पुढचं थांबलं तरी मागच्याला ते कळायला जरा वेळ लागतो. सॉलोमनला हे काही नवं नव्हतं. आयुष्याचा अर्धा भाग त्यानं पिकअपच्या मागं ट्रेलर लावून काढला होता. तरी आज वर्षभरानं तो धक्का पाठीत आला आणि त्याची मान आपोआप मागं वळली, ओठ उघडले, ‘काय गं?’ एवढं विचारायच्या बेतात आले. मागच्या सीटवर एक छत्री होती आणि लेकीनं, शिरानं, दिलेला जेवणाचा डबा. त्यानं ओठ मिटले आणि पुढं पाहिलं.

पुढं रस्ता नव्हता. रस्त्याच्या जागी मांडव होता. कामोठे गावातल्या त्या चिंचोळ्या गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांबू रोवलेले, वर पिवळं आणि गुलाबी कापड ताणलेलं, खाली सतरंज्या, आणि सतरंज्यांवर पिवळ्या लुगड्यांतल्या बायका अशा निवांत बसलेल्या की इथून कधी काळी वाहनं जात होती हे त्यांना सांगूनही पटलं नसतं. तळोज्याच्या दगडवाल्याकडून निघालेला सॉलोमन कळंबोलीला गाड्यांच्या रांगेत अडकला होता. रांग हलेना म्हणून तो कामोठ्याकडं वळला. सेक्टरातला रस्ता खणून ठेवलेला होता. तिथल्या एका रिक्षावाल्यानं हात दाखवून सांगितलं की गावातून जा, थेट निघाल. थेट निघणारा रस्ता म्हटल्यावर सॉलोमननं पुढं काही विचारलं नाही. गेलं वर्षभर तो अशाच रस्त्यांनी गेला होता, जे शेवटी कुठंतरी पुढंच निघतात. बाजाराला जाताना ज्या बोळात शिरलं तर मागं यावं लागेल तो बोळ त्यानं टाळला, दवाखान्यात जाताना गाडी लांब मोठ्या रस्त्यावर लावली. आणि आज, एवढ्या दिवसांनी ट्रेलर जोडून बाहेर काढला, तर पुढं कुणाच्या तरी मुलीची हळद.

मागं ट्रेलरमध्ये, ताडपत्रीखाली, त्याच्या बायकोचा, हेप्झिबाचा दगड होता. काळा, पॉलिश केलेला, वर हिब्रूत दोन ओळी आणि खाली मराठीत तिचं नाव. वर्ष भरायच्या आत कबरीवर दगड बसवायचा, ही त्यांच्या ज्यू लोकांतली रीत. रविवारी सकाळी प्रार्थना ठरली होती. शिरा त्यासाठीच इस्रायलहून आली होती आणि रविवारीच रात्रीच्या विमानानं परत जाणार होती. आज शुक्रवार. गवंडी कब्रस्तानात सिमेंट कालवायच्या तयारीनं बसला होता. आज दगड बसला तर शनिवारचा अख्खा दिवस सिमेंटला आवळायला मिळणार होता; आणि आज सूर्य बुडाला की शब्बाथ, विसाव्याचा वार, मग उद्या संध्याकाळपर्यंत दगडाला हात लावायचा नाही. हेप्झिबा असती तर तिनं लावू दिलाच नसता. शुक्रवारी दिवा लागल्यावर ती त्याला गाडी एका जागेवरून दुसऱ्या जागेवरसुद्धा हलवू देत नसे. म्हणायची, गाडीलासुद्धा बसू द्या की हो जरा. तेव्हा सगळं या एका दुपारवर आलं होतं, आणि दुपार कलत चालली होती.

मांडवातून एक गृहस्थ आला. पोट पुढं, गळ्यात सोन्याचा गोफ, कपाळाला आधीच कुणी लावलेली हळद. तो नवरीचा काका बाळाराम, हे त्यानं स्वतःच सांगितलं, जणू गावात शिरणाऱ्यानं आधी हे माहीत करून घ्यायला हवं होतं. काचेवर टकटक करून म्हणाला, “दादा, हलद हाय आमचे समृद्धीची. मांडव काय हलनार नाय. तुमीच हला.” सॉलोमन म्हणाला की मला पनवेलला जायचंय, सूर्य बुडायच्या आत. बाळारामनं मांडवाकडं पाहिलं, सूर्याकडं पाहिलं, आणि दोहोंपैकी काहीच आपल्या हातात नाही अशा चेहऱ्यानं हसला. मग मागं जाऊन ट्रेलर पाहून आला. म्हणाला, असं करा, हूक सोडवा, गाडी वेगळी, गाडा वेगळा. “पोरा हायत. दहा जन लावतो. हातानी फिरवून देतील.”

दहा जण. किती सहज म्हणाला तो. सॉलोमनला क्षणभर हसू आलं आणि ते गालापर्यंत न येता आतच विरलं. त्यांच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय मृतासाठीची प्रार्थना म्हणता येत नाही. गेलं वर्षभर दर शनिवारी तो सिनेगॉगच्या बाकावर बसून दाराकडं बघत होता. सहा यायचे, कधी सात. म्हातारा जेकब पुस्तक उघडून बोट ओळीवर ठेवून वाट पाहायचा, मग बोट काढून पुस्तक मिटायचा.  हेप्झिबासाठीची प्रार्थना तशीच त्याच्या घशाशी येऊन बसे आणि तिथंच राही. परवाच्या रविवारी ठाण्याहून आणि अलिबागेहून माणसं येणार होती, तेव्हा कुठं आकडा पुरा होणार होता. आणि इथं हा माणूस नुसती मान वळवून दहा जण उभे करत होता. पण हूक सोडायचा तर दोर सुटणार, ताडपत्री सरकणार. हळदीच्या मांडवाच्या तोंडाशी एका मेलेल्या बाईचा दगड आणून उभा केलाय, हे या लोकांना कळलं तर? सॉलोमननं मान हलवली. नको म्हणाला. आत काय हाय, बाळारामनं विचारलं. आणि सॉलोमन, ज्यानं कारखान्यात तीस वर्षांत कधी खोटी रजा टाकली नाही, तो म्हणाला, “लादी आहे. ओट्याची.”

“मंग घ्या मागं हलूहलू,” बाळाराम म्हणाला. “मागच्या रिक्षा मी काढतो.”

मागं घ्या. त्याला काय ठाऊक. नुसती गाडी मागं घेणं वेगळं आणि ट्रेलर लावून मागं घेणं वेगळं. स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की ट्रेलरचं शेपूट उजवीकडं जातं. उजवीकडं फिरवलं की डावीकडं. शहाण्या माणसाचंही डोकं तिथं उलटं होतं. जरा चुकलं की ट्रेलर आणि गाडी कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकांवर मिटतात. हे शास्त्र सॉलोमन कधी शिकलाच नाही, कारण मागं हेप्झिबा असायची. ती गाडीतून उतरायची, पदर खोचायची, ट्रेलरच्या मागं जाऊन उभी राहायची. तिला डावं-उजवं सांगता येत नसे. म्हणजे यायचं, पण तिचं डावं आणि त्याचं डावं कधी एक व्हायचं नाही, आणि त्यावरून सुरुवातीला दोघांची भर रस्त्यात भांडणं व्हायची. एकदा नेरळच्या एका लग्नाहून परतताना अशीच जुंपली आणि ती वैतागून ओरडली, “अहो, शेपूट पेरूकडं न्या, पेरूकडं!” तिथं पेरूचं झाड होतं. त्यानं शेपूट पेरूकडं नेलं आणि ट्रेलर सुईत दोरा जावा तसा फाटकात गेला. त्या दिवसापासून डावं-उजवं संपलं. शेपूट विहिरीकडं. शेपूट त्या लाल साडीवालीकडं. आता शेपूट माझ्याकडं. त्याचे हात काय करायचे ते आपसूक करत. आरसे त्याला लागायचेच ते तिला पाहायला. आरशात ट्रेलर किती दिसायचा कोण जाणे. पण ती दिसायची, कमरेवर एक हात, एक हात हवेत, उन्हानं बारीक झालेले डोळे.

ट्रेलर तिच्यासाठीच तर केला होता. ती लग्नाकार्यात स्वयंपाक करायची. त्यांच्यातल्या लग्नांत, मेंदीच्या दिवशी, नवस फेडल्यावर होणाऱ्या मलिद्याला. मोठाली पातेली, शेगड्या, नारळांची पोती, नुसत्या पिकअपात मावत नसे. मग तळोज्यातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून सॉलोमननं स्वतः उभं राहून ट्रेलर करून घेतला, खाली बसका, मागची फळी पाडली की उतरण होईल असा, म्हणजे तिला पातेली सरकवून उतरवता येतील. सुरुवातीची वर्षं त्यातून खोबऱ्याचा आणि वेलदोड्याचा वास जात नसे. मग हळूहळू लग्नं थांबली. लग्नाची मुलं इस्रायलला निघून गेली. नंतर मुलांचे आईबाप गेले. ज्या ट्रेलरमधून पातेली जायची त्यातून आता बॅगा जायला लागल्या, दोरांनी बांधलेल्या, वर पत्ते चिकटवलेल्या. एकेक घर बंद व्हायचं आणि सॉलोमन-हेप्झिबा त्यांना पहाटे विमानतळावर पोचवून यायची. परतताना ट्रेलर रिकामा असला की फार खडखडायचा. हेप्झिबा म्हणायची की अर्धं पनवेल आपण सहारला उतरवलं बघा. एकदा, असंच रिकामं परतताना, खडखडाटावर आवाज चढवून म्हणाली होती, “माझी वेळ आली की मलाही यातूनच न्या. त्या गाडीच्या काळ्या काचा मला नकोत.” तो रागावला होता. आणि ती गेली त्या दिवशी ट्रेलर फाटकाच्या आत उभा होता आणि तो बाहेर कसा काढायचा, कब्रस्तानाच्या दारात मागं कसा घ्यायचा, मागं कोण उभं राहणार, हे सॉलोमनला सुचेना. पालिकेची शववाहिका आली. तिला काळ्या काचा होत्या.

म्हणून तर आज टेम्पो केला नाही. शिरा म्हणाली होती, “पप्पा, तुम्हाला रिव्हर्स जमत नाही एकट्याला, हट्ट कशाला?” त्यानं ट्रेलरचा हूक अडकवला होता.

मागच्या रिक्षा कुरकुरत पांगल्या. बाळाराम हातवारे करू लागला. येऊ द्या, येऊ द्या. मग लगेच, अरे दादा, नको नको. त्याच्या हातवाऱ्यांचा सॉलोमनच्या हातांशी काही संबंध जुळेना. त्यानं गाडी जराशी मागं घेतली मात्र, ट्रेलर भलत्याच बाजूला तिरका झाला, एका घराच्या पायरीशी त्याचा कोपरा टेकला आणि तिथली कोंबडी ओरडत उडाली. सतरंजीवरच्या बायका हसल्या. एक म्हणाली की गाडीला पन नवऱ्यासारखं ओढाला लागतंय वाटतं. पुन्हा पुढं घेतली, पुन्हा मागं; पुन्हा तसंच.  आपण म्हातारे झालो आहोत, हे त्याला आरशात न बघताच दिसलं. ऊन भिंतीवरून वर सरकलं होतं.

तेवढ्यात मांडवातून एक म्हातारी उठून आली. बारीक, वाकलेली, हातात हळदीची वाटी. बाळारामनं वाट देत ‘रंभाआय’ म्हटलं आणि सॉलोमनला सांगितलं की ही आमची धवलारीण, हिनं गाणी म्हटल्याशिवाय आमच्यात हळद लागत नाय, देवापरीस हिचा मान. रंभा खिडकीशी आली. तिचे डोळे धुरकट होते, पण नजर थेट होती. म्हणाली, “ओटा नवा घालताय?” सॉलोमननं होकारार्थी मान हलवली. “म्हंजे नवी चूल. हलदीचे दिशी चूल दारात आली ती काय वाट चुकून आली नाय. हलद लावून जावाची तिला.” सतरंजीवरून बायकांनी होकार भरला. लावा, लावा रंभाआय. आणि सॉलोमन दार उघडून खाली उतरेपर्यंत ती ट्रेलरपाशी पोचलीही होती. तिनं ताडपत्रीचा कोपरा उचलला, हळदीत बुडवलेली बोटं आत घातली.

तो तिच्याजवळ आला तेव्हा तिची बोटं थांबलेली होती. मग ती हळूहळू सरकू लागली, अंधारात उंबरा चाचपावा तशी. एक खाच, तिच्याशेजारी दुसरी, वरून जाणारी रेघ. तिला वाचता येत नव्हतं हे त्याला तिच्या बोटांवरूनच कळलं. पण बोटांना जे कळायचं ते कळलं होतं. तिनं मान वर केली नाही. अगदी हळू, बायकांच्या कानी जाणार नाही असं, ती म्हणाली, “ओट्यावर नाव कोन कोरतं, दादा?”

सॉलोमननं ट्रेलरच्या फळीवर हात टेकला. बायको गेली, हे वाक्य वर्षभर त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना माहीतच होतं, सांगायची वेळच आली नव्हती. लोक त्याला सांगत होते, तो ऐकून घेत होता. आता या अनोळखी गल्लीत, पिवळ्या कापडाखाली, त्याला ते पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागलं. “बायकोचं आहे,” तो म्हणाला. “कबरीचा दगड आहे. मी मुद्दाम नाही आणला इथं. मला रस्ता माहीत नव्हता.” आणि मग, ते पुरेसं नाही असं वाटून, “मी एकटाच आहे.”

आता ती हात काढून घेईल, ओरडेल, वाटी फेकेल. त्याला ते सगळं दिसलं. पण रंभाचा हात ताडपत्रीखालीच राहिला. “वरीस झालं?” तिनं विचारलं. होत आलं, तो म्हणाला. “नाव?” त्यानं नाव सांगितलं. तिनं ते ओठांत घोळवलं, नव्या फळाची फोड तोंडात घेऊन बघावी तसं, आणि आपल्याला जमेल तसं करून घेतलं. “हेपजीबाय,” म्हणाली. मग तिनं हात बाहेर काढला, ताडपत्रीचा कोपरा नीट खोचला, दोर ओढून पाहिला. “यांना नको सांगू. घाबरतील,” ती म्हणाली. “मी कितींच्या हलदी लावल्या आनि त्यातल्या कितींना पोचवून पन आले. मला काय?” आणि वळून मोठ्यानं, “लावली गं बायांनो. चूल लय शितल हाय.”

ती सतरंजीवर जाऊन बसली आणि तिनं गाणं धरलं. म्हातारा, किंचित चिरका आवाज, पण ओळीच्या शेवटाला असा काही लांबायचा की गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत यायचा.

पयलं आवतान बाय, गावचे देवाला
दुसरं आवतान बाय, खाडीचे पान्याला
तिसरं आवतान बाय, गेलेले मानसांला
मांडवाचे दारी या गं, हलद लावा हाताला

आणि मग ती गेलेल्या माणसांची नावं घेऊ लागली. बाळाराम सॉलोमनजवळ येऊन कौतुकानं सांगत होता की ही समृद्धीची आजी, ही तिची थोरली चुलती, सगळ्यांना बोलावल्याबिगर आमी हलद सुरू करत नाय. वेणूबाय तू ये गं, हलद लावा हाताला. रंभानं नाव घेतलं की बायका ते मागून म्हणत. एक नाव, पुन्हा एक नाव. आणि मग तिच्या त्याच लांबणाऱ्या सुरात, ना जास्त ना कमी, जणू हेही नाव याच गल्लीत पाणी भरून म्हातारं झालेलं असावं तसं, हेपजीबाय तू ये गं. बायका क्षणभर अडखळल्या. एकीनं दुसरीकडं पाहिलं. कोण ही, मुलाकडची असेल, अशी नजर. आणि मग सगळ्यांनी मिळून म्हटलं, हेपजीबाय तू ये गं, हलद लावा हाताला. बाळारामनंही म्हटलं. कोपऱ्यात खुर्च्या लावणारे पुरुष थांबून म्हणाले. सॉलोमन पिकअपच्या दाराला धरून उभा होता. जे नाव वर्षभर त्याच्या घशात अडलं होतं ते इतक्या तोंडांतून असं सुटं सुटं होऊन निघालं की ते ऐकताना त्याला मोजायचं भानच उरलं नाही.

तो गाडीत बसला. कुणी मागं उभं राहू नका, त्यानं बाळारामला सांगितलं. खांदे भरून आले होते म्हणून त्यानं स्टिअरिंग वरून धरण्याऐवजी खालून धरलं, मांडीवर कोपर टेकून. मागचा गिअर टाकला आणि आरशात पाहिलं. आरशात कुणी नव्हतं. म्हणून त्याला पहिल्यांदाच आरशात जे होतं ते दिसलं. एक पानाची टपरी, पुढं हिरव्या रंगाचं दार, त्याच्या पलीकडं गावदेवीच्या देवळाचा कट्टा, आणि या सगळ्यांमध्ये ताडपत्रीचा निळा कोपरा. शेपूट टपरीकडं, तो मोठ्यानं म्हणाला. खालून धरलेला हात टपरीच्या बाजूला गेला आणि शेपूटही टपरीच्या बाजूला गेलं. त्याला आश्चर्य वाटलं. स्टिअरिंग खालून धरलं की उलटं असं काही राहतच नव्हतं. इतकी वर्षं हे कुणी सांगितलं नाही; किंवा सांगायची गरजच पडली नव्हती. आता हिरव्या दाराकडं. जास्त गेलं. जरा पुढं घेतली, पुन्हा मागं. हिरव्या दाराकडं. आता देवळाकडं, देवळाकडं, हळू. त्याचा आवाज बंद काचांच्या आत त्याचा त्यालाच ऐकू येत होता. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं की म्हातारा स्वतःशी भांडतोय. ट्रेलर वाकडातिकडा, थांबत, रेंगाळत, पण गेला. कट्ट्यापाशी गल्ली रुंद झाली तेव्हा मांडव लांब राहिला होता, बेंजोवाले आले होते, ढोलाचा पहिला ठोका पडला होता आणि भिंतींवरचं ऊन संपलेलं होतं.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर त्यानं गवंड्याला फोन केला. गवंडी म्हणाला की साहेब, मी वाट बघून घमेलं धुऊन ठेवलं, आता अंधारात काय बसवणार. रविवारी पहाटे येतो, पण सिमेंट ओलं राहील, सगळ्यांना सांगा, दगडाला टेकू नका. बरं, सॉलोमन म्हणाला. त्याला वाटलं होतं की हे ऐकून छातीत काहीतरी कोसळेल. सबंध दुपारभर तो याच एका गोष्टीला भीत होता. पण काही कोसळलं नाही. खांदेश्वरच्या बाजूनं आकाश तांबूस झालं होतं आणि ट्रेलर मागं शांत येत होता. भरलेला ट्रेलर खडखडत नाही.

घराच्या फाटकाशी शिरा उभी होती, हातात काडेपेटी. दिव्याचा ग्लास तेल घालून तयार असणार, सॉलोमनला कळलं. ती त्याच्यासाठी थांबली होती. तिनं ताडपत्रीखालचा आकार पाहिला. मागं जाऊन उभी राहू का, एवढंच म्हणाली. तू दिवा लाव, तो म्हणाला, मी येतो आत. ती आत गेली. त्यानं ट्रेलर फाटकातून मागं घेतला, दोन खेपांत, तुळशीच्या कुंडीला जरा खरचटून. ती कुंडी शेजारच्या किशोरीबाईंची, हेप्झिबानं सांभाळायला घेतलेली. इंजिन बंद केलं तेव्हा खिडकीत दिवा लागला. आता उद्या संध्याकाळपर्यंत काहीच हलणार नव्हतं. गाडी नाही, ट्रेलर नाही, दगड नाही. त्याला हे हळूहळू उमजत गेलं, ट्रेलरच्या धक्क्यासारखं, जरा उशिरानं: कब्रस्तान अर्ध्या कोसावर होतं, आणि हेप्झिबा या शब्बाथला घरी होती.

शिरा दारात आली. ट्रेलरकडं बघत म्हणाली, “म्हणजे उद्या दिवसभर?”

“इथंच,” तो म्हणाला.

ती उंबऱ्यातून मागं वळली. मग डोळे पुसून आत गेली, आणि ताटांचा आवाज आला. सॉलोमननं ट्रेलरच्या चाकाशी टेकून खाली बसायचा विचार केला, गुडघ्यांनी नकार दिला, तेव्हा तो मागच्या फळीवर बसला. ताडपत्रीचा कोपरा रंभानं खोचला होता तसाच होता. त्यानं तो सोडवला नाही. नुसता हात आत सरकवला. बोटांना आधी हळदीची कोरडी पापडी लागली, मग कोरलेली खाच, मग नुसता गुळगुळीत दगड. दगड गरम होता. दिवसभर त्यानं तळोज्याचं, कळंबोलीचं, कामोठ्याच्या गल्लीचं ऊन पोटात ठेवलं होतं आणि आता ते तो जराजरासं सोडत होता, तापातून उतरणाऱ्या माणसाच्या पाठीसारखा. सॉलोमननं तळहात पुरता टेकला आणि तसाच राहू दिला. आतून शिरानं हाक मारली, पप्पा, जेवायला या, गार होतंय.

“तू सुरू कर,” तो म्हणाला. “हा अजून गरम आहे.”